नागपंचमीपर्यंतची मुदत

उंबरोशी, रविवार, ५ जानेवारी १९६४

ही वही आजपासून तांदळाच्या डब्यात राहणार. ज्या माणसाने निर्भयतेवर बत्तीस पानं लिहिली त्याने स्वतःची दैनंदिनी तांदळात पुरावी, यात विसंगती आहे हे मला दिसतं. पण आमचा डबा खोल आहे.

बत्तीस पानं म्हणजे माझी पुस्तिका. नवसाक्षरांसाठी सोप्या पुस्तकांची सरकारी स्पर्धा आहे, तिच्यासाठी लिहिली आहे. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी युरोपात काही माणसांनी राजाला आणि धर्मगुरूंना विचारलं, ‘हे तुम्हाला कोणी सांगितलं?’ त्या प्रश्नाची ही बत्तीस पानं. माणसाचं ज्ञान कुठून येतं, त्याचे जन्मजात हक्क कोणते, सरकार कोणाच्या संमतीने चालतं, शिक्षण कशाला. मुळशीतल्या एकशिक्षकी शाळेच्या हेडमास्तराने, म्हणजे जो स्वतःचाच वरिष्ठ आहे अशा मोरेश्वर गद्रे नावाच्या सत्तेचाळीस वर्षांच्या इसमाने, हे लिहावं असं त्या थोर लोकांना कधी वाटलं नसेल.

प्रत्येक प्रकरण मी आधी वरच्या वाडीच्या साक्षरता वर्गात वाचून दाखवतो. डोंगरावरची एकतीस घरं, घरटी एक जण वर्गाला. गेल्या श्रावणात त्यांना अक्षर ओळखता येत नव्हतं, आता पाटीवरचं वाचतात. येत्या सोळा फेब्रुवारीला जिल्ह्याचे मोठे साहेब येऊन आमचं गाव शंभर टक्के साक्षर झाल्याचं जाहीर करणार आहेत.

इथवर भिण्यासारखं काही नाही. भिण्यासारखं आहे ते असं की, पुण्याच्या एका साप्ताहिकात मी ‘एक अडाणी’ या नावाने विनोदी लेख लिहितो, आणि त्यांतला सरपंच रेडेराव, जो सभेत झोपतो आणि जाग आली की ‘मंजूर’ म्हणतो, तो आमच्या सरपंच हैबतरावांवरून बेतलेला आहे. बेतलेला म्हणजे, फेटासुद्धा बदललेला नाही. जिल्हा परिषदेचा नोकर असं लिहितो हे बाहेर आलं तर नोकरी जाईल. हैबतरावांना कळलं तर नोकरी जायची वाट बघावी लागणार नाही.

बुधवार, ८ जानेवारी

पहिलं प्रकरण वाडीत वाचलं. माणसाचं मन जन्मतः कोऱ्या पाटीसारखं असतं; अनुभव तिच्यावर लिहीत जातो. मला हे प्रकरण फार सुंदर वाटत होतं.

वर्गात सर्वांत मोठी फुलाबाई. साठीची असेल. म्हणाली, “मास्तर, माजी पाटी कोरी न्हाई. लई लिवलंय तिच्यावर. निस्तं कुनी वाचलं न्हाई.”

बाकीचे हसले. मी प्रकरणात दुरुस्ती करायची ठरवली आणि घरी येऊन केली नाही. स्पर्धेच्या परीक्षकांना कोरी पाटीच आवडेल.

रविवार, १२ जानेवारी

आज पुन्हा हैबतरावांच्या ओट्यावर वाचन. दर पंधरवड्याला ते साप्ताहिक मागवतात, माझ्या हातात देतात आणि म्हणतात, “वाचा मास्तर. चष्मा वाड्यात ऱ्हायलाय.” तो चष्मा मी आजवर पाहिलेला नाही. खिशाला पेन मात्र नेहमी लावलेलं, सोनेरी टोपणाचं.

पहिल्यांदा माझाच लेख समोर आला, मथळ्यालाच ‘रेडेराव’, तेव्हा माझी जीभ टाळूला चिकटली. मग तीच जीभ आपोआप चालू लागली. रेडेरावाचा मी सिंहराव केला. झोपतो त्याचं विचारात गढतो केलं. शिंगांची आयाळ झाली. हैबतराव डोळे मिटून ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, “झ्याक लिवलंय.” तेव्हापासून अकरा लेख मी असे वाचले आहेत.

तो माणूस कागद हातात घेऊन वरपासून खालपर्यंत नजर फिरवतो, मान डोलावतो, मग मला देतो. म्हणजे आधी स्वतः वाचतो आणि मग माझ्या तोंडून खोटं वदवून घेतो. मांजर उंदराला लगेच मारत नाही. ते अंक त्याने देवघरात खंडोबाच्या टाकामागे जपून ठेवले आहेत. पुरावा म्हणून.

आज उठताना म्हणाले, “ह्यो लिवनारा मानूस मला एकदा गाठायचाय. तुमच्या वळखीचा हाय का कुनी?”

“नाही.”

“घावला तर सांगा. त्याला मी असा सोडनार न्हाई.”

घरी येईपर्यंत सदरा पाठीला चिकटला होता. जानेवारीत.

शुक्रवार, १७ जानेवारी

तिसरं प्रकरण: सरकार हा करार आहे. लोकांनी आपल्या संमतीने काही अधिकार सरकारला दिले, आपले हक्क राखण्यासाठी.

बुधा म्हणाला, “कवा केला करार? म्या तर सही केली न्हाई.”

मी म्हणालो, “केली असं धरून चालायचं असतं.”

“कुनी धरायचं?”

यावर त्या थोर लोकांनीही बरंच गुळमुळीत लिहून ठेवलं आहे. मी म्हणालो, “तू रस्ता वापरतोस, शाळा वापरतोस, म्हणजे संमती दिलीस.”

“रस्ता वाडीपत्तुर येतच न्हाई,” बुधा म्हणाला. “मग आमी सुटलो म्हना की.”

पुन्हा हशा. फुलाबाई हसली नाही. तिने विचारलं, “आन न वाचता दिल्याला अंगठा, मास्तर? त्यो करार व्हतो का?” मग स्वतःच म्हणाली, “माज्या बापानं दिलाता एक. खालचं रान धरनाच्या पान्यात गेलं. कागदावर काय हुतं त्ये बापाला मरस्तोवर कळलं न्हाई.”

मला त्या वेळी स्फुरण चढलं. मी उभा राहून म्हणालो, न समजता दिलेली संमती ही संमतीच नव्हे. माणसाने वाचल्याशिवाय कशावरही सही करू नये, कागद कोणीही पुढे करो, राजा करो, सरपंच करो, खुद्द मास्तर करो.

त्यांनी ते वाक्य पाट्यांवर लिहून घेतलं. एकतीस पाट्या. डोंगर उतरताना मी मान ताठ ठेवून चाललो होतो. दोनदा ठेच लागली.

सोमवार, २७ जानेवारी

हैबतरावांनी बोलावलं. ओट्यावर दुसरं कोणी नव्हतं. पौडला अर्ज लिहून देणाऱ्याकडून करून आणलेला एक कागद त्यांनी पुढे केला. “वाचा मोठ्यानं.”

मी वाचला. वरच्या वाडीच्या डोक्यावर झरा आहे, त्याच्याभोवती बावीस एकर गायरान. वाडीची शेरडं तिथे चरतात, बाया तिथून पाणी आणतात. ते गायरान सरपंचांच्या गोपालन मंडळीला द्यायला आम्हा वाडीकरांची राजीखुशीने संमती आहे, असा मजकूर. खाली एकतीस सह्यांना जागा.

“बराबर लिवलंय का?” हैबतरावांनी विचारलं.

“बरोबर म्हणजे?”

“म्हंजे म्या सांगितलं तसंच लिवलंय का त्यानं? गायरान आन झरा, दोनी आलं का?”

किती थंड डोक्याचा माणूस. गुन्हा माझ्या तोंडून उच्चारून घेतला, वर मलाच साक्षीदार केलं.

“सह्या तुमी घ्या,” ते म्हणाले. “तुमचं ऐकत्यात. अंगठे नगोत बरं का. साक्षर गावात अंगठा बरा दिसत न्हाई. सोळा तारखेला सायबाच्या हातात देऊ, समद्यांफुडं.”

“पण त्यांना काय सांगू?”

“सराव म्हना सह्यांचा.”

मनात नकार तयार होत होता, अगदी मुद्देसूद, तीन कलमी. तेवढ्यात ते पान लावता लावता म्हणाले, “आन त्या लिवनाऱ्याचा तपास लागला का, मास्तर?”

मी कागद घडी करून खिशात घातला.

मंगळवार, २८ जानेवारी

सौ.ला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबली नाही.

“नाही म्हणून सांगा,” ती म्हणाली.

“त्याला सगळं माहीत आहे. नोकरी जाईल.”

“मग जाईल.”

“तुला बोलायला काय जातं.”

“माझंही घर इथेच आहे की.” भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, “दुनियेला निर्भय करायला निघालात, आणि घरात उंदीर दिसला की पाटावर चढून मला हाक मारता.”

पुस्तिका चुलीत घालायला काढली होती. ती तिने माझ्या हातून घेतली आणि तांदळाच्या डब्यात, या वहीच्या शेजारी ठेवली.

रविवार, २ फेब्रुवारी

लिहून टाकतो. लिहिलं नाही तर उद्या मी ते केलंच नाही असं मला वाटायला लागेल.

दुपारी वाडीत गेलो. कागद फुलाबाईच्या हातात दिला. “सह्यांचा सराव आहे. एकेकाने करायची.”

ती कागदाकडे बघत राहिली. “वर काय लिवलंय?”

“सराव.”

मग ती माझ्याकडे बघत राहिली. कागदाकडे पाहिलं होतं त्याहून जास्त वेळ. “तुमाला थंडी वाजतीया का, मास्तर? हात हालतोय तुमचा.”

“थोडी कणकण आहे.”

“खालनं कुनी पाठीवलंय का तुमाला ह्ये घिऊन?”

मी त्यांच्याकडे पाठ केली आणि फळ्यावर सुविचार लिहायला घेतला. तो सुविचार कोणता होता ते आता आठवत नाही. पाठीमागे किती वेळ चालला होता तो सराव. माझ्या विद्यार्थ्यांची ही जुनी खोड, सही करायची तरी ओठ हलवून पुटपुटतात. एकाचं पुटपुटणं संपलं की दुसऱ्याचं. आपल्या नावाची चार अक्षरं लिहायला एवढा वेळ लागावा याचं मास्तर म्हणून वाईट वाटलं, आणि मास्तर म्हणूनच बरंही वाटलं, कारण तेवढा वेळ मला वळावं लागलं नाही. मधे बुधा मोठ्याने काहीतरी बोलू लागला, तेव्हा फुलाबाई त्याला म्हणाली, “गप ऱ्हा. मास्तर आपला मानूस हाय.”

आपला माणूस. हे ऐकून खडू मोडला.

शेवटी तिनेच कागदाची गुंडाळी केली, वाखाच्या दोरीने बांधली, वर तीन गाठी मारल्या. “जावा, दिऊन टाका. तुमचं काम झालं. आता भिऊ नगा.”

गाठी सोडून आत बघायची मला हिंमत झाली नाही. एकतीस माणसांनी माझ्यावर विश्वास ठेवून केलेल्या सह्या कोणत्या डोळ्यांनी बघायच्या?

सोमवार, ३ फेब्रुवारी

गुंडाळी दिली. हैबतरावांनी गाठी सोडल्या, कागद उन्हात धरला, सावकाश वरून खाली नजर फिरवली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. समाधान पसरलं.

“झ्याक,” ते म्हणाले. “चांगल्या लांब लांब सह्या केल्यात की.”

घरी येऊन पांघरूण घेऊन पडलो. सौ.ने काढा दिला आणि काही विचारलं नाही, हे विचारण्यापेक्षा वाईट.

रविवार, १६ फेब्रुवारी

समारंभ झाला. सगळं क्रमाने लिहितो.

शाळेपुढे मांडव. भरे, मुठा, कुठून कुठून माणसं आलेली. वाडीची मंडळी पुढच्या रांगेत, धुतलेल्या कपड्यांत. साहेबांनी चार-पाच जणांना फळ्यावरचं वाचायला लावलं. सगळ्यांनी वाचलं. टाळ्या. मग हैबतराव उठले, फेटा सारखा केला आणि तो कागद साहेबांच्या हातात दिला. “वाडीच्या लोकांनी राजीखुशीनं दिलाय. सायबांनी आपल्या तोंडानं वाचून दावावा.”

साहेबांनी मजकूर वाचला. मग सह्यांवर आले आणि थांबले. चष्मा काढून पुसला. आणि मोठ्याने वाचलं:

“‘आमी ह्ये वाचलं. आमाला कबूल न्हाई. फुलाबाई.’” खालची ओळ. “‘वाचलं. कबूल न्हाई. बुधा.’ ‘वाचलं. कबूल न्हाई. देवू.’” मग पुढचं मनातच वाचत एकतिसाव्यापर्यंत गेले.

साहेब हैबतरावांकडे वळले. “सरपंच, हा कागद देण्यापूर्वी आपण वाचलात ना?”

“व्हय तर,” हैबतराव म्हणाले. “दोनदा वाचला.”

त्या क्षणी मला कळलं. वाड्यात राहिलेला चष्मा. ‘वाचा मोठ्यानं’. ‘बराबर लिवलंय का’. लांब लांब सह्या. शंभर टक्के साक्षर गावातला एक टक्का माझ्यापुढे फेटा बांधून उभा होता, खिशाला सोनेरी टोपणाचं पेन लावून. आणि मी वर्षभर समजत होतो की तो मला खेळवतो आहे.

ते मला एकट्याला कळलं नव्हतं. अख्ख्या मांडवाला कळलं होतं. हैबतरावांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखतो; दाढी करताना रोज आरशात बघतो.

मी बोलायला हवं होतं. एक वाक्य, कुठल्याही बाजूचं. बत्तीस पानांतलं एकही तोंडात आलं नाही.

बोलली फुलाबाई. जागेवरूनच, पदर सावरत. “वाचल्याबिगर कसा दितील, सायेब? सरपंचानीच मास्तरांच्या हाती कागद धाडला, म्हनलं वाडीच्या मनात काय हाय त्ये लिवा. आमी लिवलं. त्यांनी वाचलं आन जसंच्या तसं तुमच्या हातात दिलं. गायरान आन झरा वाडीचाच ऱ्हावा असं त्यांच्याबी मनात हाय. व्हय का न्हाई, सरपंच?”

सगळा मांडव त्यांच्याकडे बघत होता. “व्हय,” ते म्हणाले.

साहेब उभे राहिले आणि म्हणाले की लोकशाही म्हणजे हेच. नकारसुद्धा मोकळेपणाने मांडणारा सरपंच त्यांनी प्रथमच पाहिला. कागदावर त्यांनी शेरा मारला, तारीख घातली. टाळ्या बराच वेळ चालल्या. वाडीचं गायरान वाचलं.

परतताना फुलाबाई माझ्या शेजारून गेली. मी म्हणालो, “फुलाबाई, मी त्या दिवशी...”

“तुमीच लिवून दिलंतं की,” ती म्हणाली. “खुद्द मास्तर करो.” आणि पुढे निघून गेली.

गुरुवार, २० फेब्रुवारी

चार दिवस हैबतराव घराबाहेर पडलेले नाहीत. गावात कोणी त्या गोष्टीबद्दल बोलत नाही, हसतही नाही. माझ्या मते हे फार वाईट लक्षण आहे. सौ.ला म्हणालो, दाराला आतून अडसर लावत जा.

“लावते,” ती म्हणाली. “पण आत ठेवण्यासारखं आहे काय आपल्याकडे?”

रविवार, २३ फेब्रुवारी

दुपारी अडीचला आले. एकटे. खांद्यावर घोंगडी, तिच्याखाली काहीतरी चौकोनी, टणक. आत आले आणि वळून स्वतःच अडसर लावला. मी भिंतीला टेकलो. सौ. चुलीपुढून उठली आणि लाटणं हातात घेऊन माझ्या बाजूला उभी राहिली. हे मी तिला कधी विसरणार नाही.

हैबतरावांनी घोंगडी बाजूला केली. पाटी होती. नवी कोरी, अजून दुकानाचा कागद चिकटलेला.

“कुनी हसलं न्हाई,” ते म्हणाले. “हासली असती तर बरं झालं असतं. म्हातारीनं मला वाचिवलं का बुडिवलं, त्ये मला अजून कळंना.” ते जमिनीवर बसले, सरळ मांडी घालून, मुलं बसतात तसे. “मला वाचाया शिकवा. हितं, दुपारचं. दार लावून.”

माझ्या अंगातून जीव परत वर चढला. “शिकवतो की, सरपंच. त्यात काय.”

“आन पैलं काय वाचनार त्ये ठरलंय माजं.” त्यांनी बंडीच्या आतून एक गुंडाळी काढली. हळदीकुंकवाचे डाग पडलेले साप्ताहिकाचे अकरा अंक. “शिंव्हाचं. निस्तं ऐकलंय तुमच्या तोंडून. समदं गाव मला काय समजतंय त्ये मला ठावं हाय, मास्तर. ह्यो एकटाच बरं लिवतो. माज्या डोळ्यानं वाचनार, आन मग पुण्याला जाऊन त्या अडाण्याला फेटा बांधनार. म्हनलं हुतं न्हवं, असा सोडनार न्हाई म्हनून.”

सौ.च्या हातातलं लाटणं हळूच खाली आलं. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही.

मी म्हणालो, “एक अडचण आहे. मे महिन्यात माझी बदली होण्याचा संभव आहे.”

“त्याचा घोर नगं,” हैबतराव मायेने म्हणाले. “शिकून हुईस्तोवर तुमची बदली म्या हू देत न्हाई.”

मी मनात हिशेब केला. फुलाबाईला सहा महिने लागले. हा माणूस हट्टी आहे, आणि अपमान झालेला आहे. अशी माणसं लवकर शिकतात. म्हणजे साधारण नागपंचमी. हळूही शिकवता येईल. बाराखडीत दोन वर्षं घोळवलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. पण पुस्तिकेच्या अकराव्या पानावर, माझ्याच अक्षरात, लिहिलं आहे की दुसऱ्याचं शिकणं जाणूनबुजून अडवणाऱ्याने त्याचा एक हक्कच चोरलेला असतो. ते पान तांदळात आहे. तरी दिसतं.

‘ह’ गिरवून दिला. त्यांनी जीभ दातांत धरून काढला. पेन्सिल दोनदा मोडली. वळण चांगलं आलं.

मग त्यांनी एक अंक उघडला आणि मथळ्याच्या पहिल्या, ठळक अक्षरावर आपलं जाड बोट ठेवलं.

“ह्यो शिंव्हाचा शि, व्हय?”

सौ. चुलीत फुंकर घालत होती, ती थांबली. मी बावीस वर्षं मास्तरकी केली. भीतीपोटी आजवर काय काय केलं ते या वहीत आहेच. पण शिकायला बसलेल्या माणसाला चुकीचं अक्षर सांगितल्याचं आठवत नाही.

“नाही,” मी म्हणालो. “तो ‘र’ आहे.”

“र?” हैबतरावांनी त्या अक्षराकडे बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे. “मग शि कुटं हाय?”

“पुढे कळेल. आधी हा काढा.”

त्यांनी पाटी पुसली, मांडीवर घेतली आणि ‘र’ काढायला सुरुवात केली. मी त्यांचा हात धरून दाखवला. दोघांचेही हात थरथरत होते, त्यामुळे अक्षर थोडं वाकडं आलं, पण वाचता येत होतं.